साड्यांतली सिगार

अस्मिताने खोक्याचं झाकण उघडलं, आतला पातळ कागद बोटाने बाजूला केला आणि कागदाखालचं रिकामं लाकूड बघत ती शेल्फपुढे तशीच उभी राहिली. मग तिने खोका उलटा करून हलवला. तंबाखूचा चिमूटभर चुरा तळहातावर पडला.

"आई, यातली सिगार कुठेय?"

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. तो थांबेपर्यंत अस्मिताने शेल्फवरची पुस्तकं पुढे ओढून त्यांच्या मागे हात घातला, जुन्या चष्म्यांचा डबा उघडून पाहिला, खाली वाकून सोफ्याखाली मोबाइलचा उजेड पाडला. धूळ आणि औषधाच्या गोळीचं एक रिकामं पाकीट.

"आई!"

"हळू गं. आत्ताच डोळा लागलाय बाबांचा." माणिकताई पदराला हात पुसत दारात आल्या. "सिगार ना? ती मी नीट ठेवलीय."

"नीट म्हणजे कुठे?"

"माझ्या कपाटात. या शेल्फवर झुरळं फिरतात. एकच उरलीय असं तूच म्हणालीस ना मागे? मग म्हटलं, बाहेर कशाला."

आतल्या खोलीत जाऊन आईने कपाट उघडलं. साड्यांचा वरचा थर उचलून तिने अस्मिताच्या हातांवर ठेवला, दुसरा पलंगावर. सगळ्यात खाली तिचा लग्नातला शालू होता, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला. त्याच्या घडीत मनगटापर्यंत हात घालून तिने सिगार बाहेर काढली आणि खालून दुसऱ्या हाताचा आधार देत लेकीपुढे धरली.

"इथे काही म्हणजे काही होत नाही. इतक्या वर्षांत एका साडीला कसर लागलेली नाही माझ्या."

अस्मिताने हातांवरचा गठ्ठा खाली ठेवला. सिगार दिसायला जशीच्या तशी होती. करंगळीपेक्षा बारीक, वीतभर लांब, वाळक्या केळीच्या पानासारखी फिकट. कुठे चीर नाही, बुरशी नाही. तिने ती नाकाखाली धरली आणि लगेच दूर केली.

वेखंड.

आईच्या कपाटात प्रत्येक थरामध्ये मलमलच्या पुरचुंडीत वेखंडाचे तुकडे असायचे. वास जरा उतरला की ती नवे आणून घालायची. रेशमाला कसर लागत नाही ती त्यामुळेच. आणि तंबाखूचं पान शेजारी जे असेल त्याचा वास शोषून घेतं, हे अस्मिताला बाबांनीच कधीतरी सांगितलं होतं. तिने सिगारचं दुसरं टोक हुंगलं, मग मधला भाग. सगळीकडे तोच वास, उग्र, मातकट, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. त्याच्या खाली दुसरं काही असलंच तर तिला ते सापडत नव्हतं.

"मिळाली ना? मग आता तोंड का असं करतेस?" आई म्हणाली आणि साड्या परत लावायला लागली.

अस्मिता सिगार घेऊन बाल्कनीत गेली. समोर, शेवटच्या इमारतींच्या पलीकडे, येऊरचे डोंगर दुपारच्या उन्हात पांढुरके दिसत होते.

सकाळी सपनाने, दिवसाच्या नर्सने, अंग पुसून कूस बदलून दिल्यावर बाबा डोळे न उघडताच म्हणाले होते, "ती एक उरलीय ना गं?"

"कोण एक?"

"सडपातळ."

त्या सिगारला ते नेहमी तसंच म्हणायचे.

"संध्याकाळी काढ. गिळायचं काही नसतं त्यात. धूर जिभेवर फिरवायचा आणि सोडून द्यायचा." मग थोडं थांबून, "मला जमेल."

हे 'मला जमेल' अस्मिताला सकाळपासून सारखं ऐकू येत होतं. अन्न खाली उतरायचं थांबल्यापासून बाबांनी काहीही मागितलं नव्हतं. डॉक्टर घरी येऊन गेले होते आणि चपला घालता घालता म्हणाले होते, आता पथ्य नाही, मागतील ते द्या. त्यावर आईला बरं वाटलं होतं. अस्मिताला त्या वाक्याचा अर्थ कळला होता. तेव्हापासून ती रोज काहीतरी घेऊन बाबांच्या उशाशी बसायची. हापूसची फोड नुसती ओठाला लावायची, सोलकढीचा चमचा, चिकूचा गर, पुरणाचा कण. बाबा जिभेचं टोक पुढे करायचे आणि मान वळवायचे. "पत्रा," एवढंच म्हणायचे. सगळ्यालाच पत्र्याची चव होती.

विद्याधर रेग्यांच्या बाबतीत हे झालं होतं, हे तिला सहन होत नव्हतं. उभा जन्म त्यांनी नाकाजिभेवर काढला होता. इसेन्स बनवणाऱ्या एका कारखान्यात ते स्वाद ठरवायचे. गोळ्यांसाठी आंबा, बिस्किटांसाठी वेलची, सरबतांसाठी केवडा. सकाळी कामाला जाताना साबण बिनवासाचा, नाश्त्याला कांदा नाही, घरात अगरबत्ती नाही. नमुन्याच्या कागदावर त्यांची सही झाल्याशिवाय पिंप बाहेर जात नसे. एकदा केवड्याचं आख्खं पिंप त्यांनी परत पाठवलं होतं, कारण नव्या नळीच्या रबराचा वास लागला होता. मालक स्वतः खाली उतरून आले, हुंगून म्हणाले, रेगे, मला तर केवडाच येतोय. बाबांनी पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, मग सही तुम्ही करा.

घरीही तेच. अस्मिताच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या पंक्तीत, बासुंदीची वाटी तोंडाला लावून ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "दूध खाली लागलंय." आई त्यानंतर किती तरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती. पण बाबांना कळेचना की त्यांचं चुकलं काय. वासाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांच्यात नव्हतंच, जसं कुणाकुणात गाणं नसतं.

नोकरी होती तोवर तंबाखूला त्यांनी बोट लावलं नाही. निवृत्तीच्या दिवशी, कारखान्यात अधूनमधून येणाऱ्या एका डच तज्ज्ञाने त्यांना देवदाराच्या खोक्यातल्या त्या बारीक सिगार दिल्या, आता तुझं नाक तुझं आहे म्हणून. मग तो दर वर्षी पाठवत राहिला, आणि एक वर्ष खोका आला नाही, तेव्हा तो गेल्याचं बाबांना समजलं. उरलेल्या त्यांनी पुरवून पुरवून ओढल्या. रविवारी दुपारी, झोप झाल्यावर, या बाल्कनीत. अस्मिता घाटकोपरहून आलेली असली की तिला शेजारी बसवायचे.

"पेटवायच्या आधी ओढून बघ. कोरडीच. काय येतंय?"

"तंबाखू."

"कमाल आहे तुझी! आंब्याला आंबा म्हणशील उद्या. कॉलेजात मुलांना कविता शिकवतेस ना? मग शब्द शोध की."

ती हसायची, आणि मग ते स्वतःच सांगायचे. आधी गवत. ओलं नाही, भाताचा पेंढाही नाही, डोंगरउतारावर दिवाळीनंतर वाळतं ते. मग देवदार, म्हणजे शाळेत पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तो वास. मध्यावर आलं की साय, साखर न घातलेली. आणि अगदी शेवटी बदामाची साल, कडू नाही, नुसती तुरट. घाई केली तर यातलं काहीच येत नाही, ते म्हणायचे. आई आतून ओरडायची, दार लावा ते, माझ्या पडद्यांना वास लागतोय.

बाल्कनीत अस्मिताने सिगार कठड्यावर रुमालात ठेवली. वारा लागला तर वास उडेल, असं तिला वाटलं. मग ऊन लागेल म्हणून तिने ती उचलली. मग अंधेरीच्या एका दुकानाचा नंबर शोधून तिने फोन लावला. फोन घेणाऱ्याने आपलं नाव चंद्रप्रकाश सांगितलं आणि नम्रपणे विचारलं, काय हवंय.

"पतली चाहिए. लंबी, पतली, एकदम माइल्ड. डच."

"मॅडम, मोटावाला है. स्ट्राँग है. पतला माइल्ड मंगाना पडेगा. अगले हफ्ते दे सकता हूँ."

"आज नहीं मिलेगा? कहीं भी? मैं खुद आती हूँ लेने."

"आज तो मुश्किल है. पार्टी है क्या?"

अस्मिताने डोंगराकडे पाहिलं.

"गिफ्ट देना है," ती म्हणाली.

"तो मोटावाला ले जाइए ना, गिफ्ट में वही अच्छा दिखता है."

तिने आणखी दोन ठिकाणी फोन केले. एकाने उचलला नाही, दुसऱ्याला डच म्हणजे काय ते सांगण्यातच वेळ गेला. शेवटी तिने चंद्रप्रकाशला परत फोन करून पुढच्या आठवड्याची मागणी नोंदवली. नाव सांगताना तिचा आवाज चिरकला आणि तो म्हणाला, "जी, मॅडम, नेटवर्क नहीं है शायद."

मग ती आत आली आणि टेबलाच्या खणातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पेन्सिली काढून टोक करायला बसली. पोळ्यांचा स्टीलचा डबा घेतला, त्यात भुगा पाडत गेली. चांगल्या पेन्सिलीचं लाकूड देवदाराचं असतं, नाही तर तसलंच काहीतरी. तास दोन तास झाकून ठेवलं तर कदाचित. पेन्सिली अर्ध्या झाल्या, तिच्या बोटांना शिसं लागलं, एक पातं मोडलं. भुग्याचा थर, त्यावर सिगार, वर पुन्हा भुगा. झाकण लावताना तिला स्वतःचीच लाज वाटली, पण तिने ते घट्ट दाबलं.

"हे काय चाललंय?" आई दारात होती.

"काही नाही."

"पोळ्यांचा डबा आहे तो, अस्मिता."

"माहितीय मला! तुझ्या वेखंडाचा वास लागलाय तिला. पार वाट लावलीस तू तिची."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. पण तो थांबेना.

"एक गोष्ट मागितली त्यांनी, आई. इतक्या दिवसांत एक. ती तू नेऊन साड्यांत घातलीस. खोक्यात होती ना चांगली? तुला कोणी सांगितलं होतं हलवायला?"

आईने डबा उघडला, भुगा झटकून सिगार काढली आणि नाकाशी नेली. एकदा. मग पुन्हा, डोळे मिटून.

"मला नाही येत," ती म्हणाली. "खरंच मला काही येत नाहीय गं. सवय झालीय माझ्या नाकाला."

"त्यांना येईल."

पलीकडच्या खोलीत बाबा खोकले. दोघींनी तिकडे पाहिलं. दोन्ही खोल्यांची दारं उघडीच होती. खोकला थांबल्यावर आईने सिगार परत भुग्यात ठेवली, अगदी हलक्या हाताने, आणि आवाज उतरवून म्हणाली, "मग देऊच नकोस. हरवली म्हणून सांग. म्हणावं, आईने कुठेतरी टाकली, तिला सापडत नाहीय. मला बोलतील, दुसरं काय."

अस्मिताने तिच्याकडे पाहिलं. आईच्या केसांत कुठल्या तरी पुरचुंडीतला दोऱ्याचा तुकडा अडकला होता. काढावा असं तिला वाटलं, पण तिचा हात उठला नाही. आई आतल्या खोलीत गेली आणि पलंगावर उरलेली जांभळी साडी घडी घालून ठेवली, मग ती उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

हरवली म्हणून सांगायचं, हेच बरोबर होतं. अस्मिता ते वाक्य मनात जुळवत बाबांच्या खोलीत गेली. तिथे सपना वस्तरा धुऊन पुसत होती.

"ताई, आज दाढी करून घेतली काकांनी. सदरा पण धुतलेला घाला म्हणाले. कोणी येणारंय का?"

बाबा उशांना टेकून बसले होते. गाल इतके आत गेले होते की दाढी करताना सपनाला ते बोटाने ताणून धरावे लागले असतील. हनुवटीवर एक बारीकसा लाल ठिपका होता. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी लावलं होतं.

"खिडकी उघड," ते अस्मिताला म्हणाले. "पूर्ण."

हरवली, हे तिच्या तोंडून निघालं नाही.

सपना गेली. ऊन डोंगराकडे कलल्यावर अस्मिताने डबा उघडला. भुग्याचा वास भुग्याला होता आणि वेखंडाचा सिगारला. फुंकर मारून तिने ती साफ केली, टोकाचा नखाएवढा भाग कात्रीने कापला, बशी घेतली, काड्यापेटी घेतली. जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबली. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. ओट्यावर काहीच नव्हतं.

"चल," अस्मिता म्हणाली.

"तूच दे. मी नाही येत."

पण ती मागोमाग आली आणि उंबऱ्यातच थांबली, एक हात चौकटीवर.

बाबांनी सिगार हातात घेतली नाही. "तू पेटव," ते म्हणाले. "माझा दम नाही पुरणार. काडी धरलीस की गंधक जळून जाऊ दे आधी. मग लांबूनच शेक. तिला फिरव, घाई करू नकोस."

तिने पहिली काडी फुकट घालवली. दुसरीची ज्योत पिवळी होईपर्यंत ती थांबली, मग टोक तिच्यावर फिरवलं आणि कड राखाडी झाल्यावर दोन लहान झुरके घेतले. धूर जिभेवर आला. वेखंड. कोमट, कडवट, दाट वेखंड, सगळ्या तोंडभर. तिने गवत शोधलं. देवदार शोधला. डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं आहे असं दाखवायला ती मुद्दाम खोकली.

"आण," बाबा म्हणाले.

तिने ती त्यांच्या ओठांशी धरली. त्यांनी तिचं मनगट धरून ती थोडी दूर केली आणि स्वतःच्या दोन बोटांत घेतली. मग डोळे मिटून अगदी लहान झुरका घेतला. गाल किंचित हलले. धूर त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला, इतका वेळ की अस्मिता वाकून बघायला लागली. मग तो ओठांच्या कोपऱ्यातून सुटला आणि खिडकीकडे गेला.

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

त्यांनी दुसरा झुरका घेतला.

"गवत," बाबा म्हणाले. "वाळलेलं. डोंगरउतारावरचं."

अस्मिताने मान वर केली.

"मग देवदार. पेन्सिलीचा." ते मध्ये थांबून श्वास घेत होते. "साय यायला लागलीय. इतक्या लवकर येत नाही खरं तर. चांगली ठेवलीय कुणीतरी."

नाक गेलं, अस्मिताला वाटलं. जीभ गेली तेव्हाच तेही गेलं असणार आणि आपल्याला कळलं नाही. ते आठवणीतलं म्हणून दाखवतायत, पाठ केलेलं, शब्दाला शब्द. आता आत काहीच पोचत नाहीये. तिने बशी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आजवर आजाराने त्यांचं काय काय नेलं ते तिने पाहिलं होतं, पण हे तिने पाहिलं नव्हतं.

उंबऱ्यातून आई म्हणाली, "मी ठेवली होती. साड्यांत."

बाबांनी डोळे उघडले. "कुठल्या?"

"शालूच्या घडीत. ही म्हणतेय, वेखंडाचा वास लागलाय. मी वाट लावली म्हणतेय."

"हिला काय कळतंय?" बाबा म्हणाले. "सिगारला तंबाखू म्हणते ती."

आईच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. तिने पदर तोंडाला लावला, मग काढला. "बघ," ती अस्मिताला म्हणाली. "बघ, ऐकलंस ना?" आणि चौकटीवरचा हात काढून ती खोलीत आली, बाबांची चादर उगाच सारखी केली, खिडकीचा पडदा थोडा सरकवला. "चहा टाकू का? तुम्हाला घोटभर? नुसते ओठ ओले करायला?"

"टाक. आलं घाल."

ती गेली. तिच्या पावलांत कितीतरी दिवसांनी घाई होती. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, नळ सुटला.

बाबा दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लोट ते."

अस्मिताने दार लोटलं.

"पाणी."

तिने पेला दिला. त्यांनी घोट घेऊन तोंडात घोळवला आणि तिने धरलेल्या वाडग्यात थुंकला. पुन्हा एक घोट, पुन्हा तसंच. कारखान्यात एक नमुना संपवून दुसरा घेण्याआधी ते असंच करत असतील.

"वेखंड," ते म्हणाले. "पहिल्यापासून. बाकी काही नाही."

अस्मिता पलंगाच्या कडेला बसली. "बाबा, मी दुसरी मागवलीय. अंधेरीला. पुढच्या आठवड्यात येईल."

"पुढच्या आठवड्यात." त्यांनी मान हलवली. "बरं. येऊ दे."

तिने तोंड फिरवलं. सिगार त्यांच्या बोटांत विझली होती. तिने ती घ्यायला हात पुढे केला, पण बाबांनी ती दिली नाही. विझलेलीच ते नाकाशी घेऊन गेले आणि तिथेच धरून राहिले.

"दादरला कुणाचं तरी लग्न असायचं," ते म्हणाले. प्रत्येक दोन शब्दांनंतर श्वास. "नाहीतर पार्ल्याला. टॅक्सी खाली उभी. आणि ही आत कपाट उघडून. हा शालू नेसू, का ती जांभळी. सगळ्या घरात हाच वास. दारापर्यंत. मी बूट घालून दारात." ते थांबले. "नंतर टॅक्सीत पण. काचा वर असल्या की."

अस्मिताने त्यांच्या हनुवटीवरचा लाल ठिपका अंगठ्याने पुसला. तो सुकलेला होता, निघाला नाही.

"परत पेटव," बाबा म्हणाले.

"विझलेली परत पेटवली की कडू लागते. तुम्हीच म्हणायचात."

"लागू दे."

तिने काडी काढली. पलीकडे आलं किसल्याचा आवाज येत होता, किसणीवर बारीक, भरभर. बाबांनी उशीवरून मान उचलली. कुठून तरी, कुठून ते तिला दिसलं नाही, त्यांनी श्वास गोळा केला, आणि कितीतरी महिने या घरात कुणी ऐकला नव्हता अशा आवाजात, लोटलेल्या दाराकडे बघत ते ओरडले,

"माणिक! झालं की नाही? उशीर होतोय!"

किसणी थांबली. इतकी स्तब्धता झाली की हातातली काडी ओढायची अस्मिता विसरून गेली. आई घाबरून धावत येईल असं तिला वाटलं. काय झालं, काय बोलताय, म्हणून विचारेल. ती उठायलाच लागली होती.

मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. घाबरलेला नाही, जरासा वैतागलेला.

"आले, आले. तुम्ही व्हा पुढे."